बर्जिल्लयाची जीभ आणि आपल्या घरची म्हातारी माणसे

शास्त्रपाठ : २ शमुवेल १७:२७–२९, १९:३१–३९



बर्जिल्लय गिलादी आपल्याला दोनदा भेटतो. पहिल्या भेटीत तो दुसऱ्यांना जेवू घालतो. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजा महनाईमास आला, तेव्हा बर्जिल्लय व आणखी दोघे गहू, जव, मसूर, मध, मेंढरे असे बरेच काही घेऊन आले. रानातून चालून आलेले लोक भुकेले असणार, हे त्यांनी न सांगता ओळखले. पुढे राजा त्याला यरुशलेमेत आपल्या पंक्तीला बोलावतो, तर हाच माणूस नको म्हणतो. वय ८०. खाल्ल्याप्यायल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत. घरात धान्याला तोटा नाही, पण जेवणात गोडी राहिलेली नाही. या वचनांवर मी बरेच संदेश ऐकले, बहुतेक नम्रतेवर. त्याच्या जिभेबद्दल कोणी बोलल्याचे आठवत नाही.

राजापूर तालुक्यात आम्ही ज्या वाड्यांवर जातो तिथली बरीचशी माणसे कातकरी आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गटांत धरल्या आहेत. दिवाळी झाली की हातीपायी धड माणसे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि नातवंडे. म्हणजे ‘घरातली काळजी घेणारी व्यक्ती’ म्हणून आपण जिच्याशी बोलतो, ती कधी कधी ११ वर्षांची नात असते.

अशाच एका आजीबद्दल मी माझ्या वहीत लिहिले होते, ‘वयोमानाने भूक मंद.’ आणि नेहमीप्रमाणे बिस्किटाचा पुडा देऊन परतले होते. पुढच्या खेपेला पावसामुळे अडकले, म्हणून जेवणवेळेपर्यंत तिथेच बसले. आजीने पेजेवरचे पाणी प्यायले आणि खालची शिते नातीच्या ताटात ओतली. नात म्हणाली, “आजी रोज असंच करते, तिला दुखतं.” तोंडात पाहिले तर हिरड्या सुजलेल्या, दोनच दात, तेही हलणारे. दिवसातून चार वेळा मशेरी. संध्याकाळी ती पाणीसुद्धा टाळायची, कारण रात्री अंधारात बाहेर जावे लागते आणि मागे एकदा ती पडली होती. भूक मंद नव्हती. वहीतली ती ओळ मी खोडली.

तेव्हा पहिले काम म्हणजे शेजारी बसून एक जेवण पूर्ण पाहणे. ताटात काय वाढले ते नव्हे, पोटात काय गेले ते पाहावे. चावताना त्रास होतो का, गिळताना ठसका लागतो का, घास दुसऱ्याला जातो का? वाडीवर वजनकाटा नसतो, पण शिंप्याची टेप असते. पोटरीचा सर्वांत जाड घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर शरीरातले मांस झडत असल्याची शंका घ्यावी. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागणे, नेसण सैल होणे, हेही तेच सांगतात. तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन उतरले, तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. सोबत दोन आठवड्यांचा खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. ठसका वारंवार लागत असेल तर ताठ बसवून, घट्टसर घास देऊन भरवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

आता खाण्याचे. पेज वाईट नाही, पण नुसत्या पेजेत पाणीच जास्त. म्हाताऱ्या शरीराला मांस टिकवायला रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिन लागते. १०० ग्रॅम तांदळात ते ८ ग्रॅमच्या आत असते, तर तेवढ्याच कुळथात सुमारे २२. म्हणून पेजेत कुळथाची पिठी शिजवावी. अंडे फोडून ढवळावे. सुका जवळा भाजून, कुटून, चमचाभर घालावा. तो चावावा लागत नाही, आणि साखरी नाट्यासारखे बंदर तालुक्यात असताना तो परकाही नाही. नाचणीच्या आंबिलीत कॅल्शियम भरपूर. वरून चमचाभर तेल किंवा ओले खोबरे घातले की थोड्या घासात जास्त ताकद जाते. चव लागत नाही म्हणून म्हातारी माणसे मीठ वाढवतात. त्याऐवजी बिनमिठाचे आगळ, लसूण, ओवा वापरून पाहावे. दोन मोठ्या जेवणांपेक्षा पाच लहान वाट्या बऱ्या, आणि पाणी सकाळ-दुपारी जास्त द्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर वाढू नये, त्याने जिवाला धोका होतो. मशेरी सोडायला सांगणे सोपे आहे, सुटणे कठीण. निदान जेवणाआधी लावू नये, एवढ्यावर मी सध्या थांबते.

घरचे बाहेरगावी असले तरी रेशन थांबता कामा नये. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य असते. म्हाताऱ्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नसेल तर कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा चालतो, हे भट्टीवर जाण्याआधीच ठरवून ठेवावे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधारांना श्रावणबाळ योजनेतून महिना १५०० रुपये मिळतात. ते बँकेतून आणायला आजीला सोबत लागते, आणि तिथे मंडळीतले तरुण उपयोगी पडतात.

आपल्यापैकी अनेक जण वाडीसाठी प्रेमाने बिस्किटे पाठवतात. यापुढे कुळथाचे पीठ, जवळा, गूळ आणि शेंगदाण्याचे कूट पाठवावे, ही विनंती. आणि शक्य असेल तर दुपारी बाराच्या सुमारास यावे, जेवणवेळी.

त्या आजीकडे मी तीन आठवड्यांनी गेले. हिरड्यांवर औषध चालू होते. नातीने पिठी घालून पेज घट्ट केली होती, आणि आजी वाटीत बोट फिरवून म्हणत होती, “आज आगळ कमी पडलंय गं.”