रोज ॲस्पिरिन घेऊ का?

प्रश्न : वय ४६. वडिलांना ५५व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. रोज ॲस्पिरिन घेतल्यास तो टळतो म्हणतात. घेऊ का? तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. – एक वाचक, तिरोडा

उत्तर : मनाने मुळीच नको. ॲस्पिरिनचा फायदा काही अभ्यासांत दिसला, पण तो बऱ्याच वर्षांनी. पोटात रक्तस्राव मात्र कधीही होऊ शकतो. अमेरिकी तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये पन्नाशीतल्या काहींना ती सुचवली होती. २०२२ मध्ये, कर्करोग टळतो याचा पुरावा अपुरा ठरवून, तो सल्ला मागे घेतला. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात ती देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हृदयासाठी ती आधीच चालू असेल, तर आपणहून बंदही करू नका.

तुम्हाला गोळीपेक्षा कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याची, गरज आहे. वडिलांना साठीआधी आजार झाला, म्हणजे तुमची तपासणी चाळिसाव्या वर्षीच व्हायला हवी होती. पॉलिप (आतड्यातला कोंब) सापडला तर बहुधा तिथेच काढता येतो.

आहाराचं म्हणाल, तर तुमच्या धानाच्या जिल्ह्यात भात सोडा असं मी सांगणार नाही. डाळ, पालेभाजी वाढवा, दारू-बिडी सोडा. खर्रा तर तोंडाच्या कर्करोगासाठीच पुरेसा आहे.

शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून घरी थांबू नका. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा आणि वडिलांचे कागद सोबत न्या.