गुलाबी तळं, हिरवं तळं

कॉलेजातली ज्युनिअर मुलं अजून विचारतात, "दादा, त्या दोन रंगांच्या लोणारचं काय झालं हो?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. त्या फिल्मची पटकथा माझी होती, हे आधी सांगतो, कारण टायटलमध्ये ते कुठेच नाही. तिथे माझं नाव 'लेखन साहाय्य' म्हणून लागलंय, जेवणाची सोय करणाऱ्याच्या जरा वर.

मी लिहिलेली सुरुवात मेहकरच्या एसटी स्टँडवरची होती. रात्रीची शेवटची गाडी रिकामी होते. कंडक्टरला सीटखाली विसरलेला डबा सापडतो. झाकण काढतो तर आत भाकरी नाही, किल्ली. तिला बांधलेला लाल गोफ त्याच्याच घरचा. तो खिसा चाचपतो. कट. सात शॉट, एक नट आणि स्टँडवरची ट्यूबलाइट. एसटीच्या परवानगीचा अर्जसुद्धा मी लिहून ठेवला होता.

आमच्या दिग्दर्शकाला हे 'एकांकिकेसारखं' वाटलं. "अबे, आपल्या जिल्ह्यात लोणार असताना तू एसटी स्टँड काय दाखवतं? ड्रोन उडवू, पब्लिक येडी होते का नाही पाह्य!" दिग्दर्शक तो यासाठी, की कॅमेरा त्याच्या मामाचा.

परवानगीचं काय, असं मी विचारलं होतं. दोनदा. "तिथं कोण पाह्यते?" हे उत्तर. पाहणारा माणूस काठावरच उभा होता. ड्रोनची पेटी दिसताच वनरक्षकाने हात आडवा केला. "भाऊ, हे अभयारण्य हाये. कागद हाये काय?" कागद नव्हता. दिग्दर्शक माझ्याकडे बघायला लागला, जणू तो मीच घरी विसरलो होतो. लोणारला शूटिंग करायचं तर वनखात्याकडे आधी अर्ज करा. दैत्यसूदन मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथली परवानगी वेगळी.

मग काठावरूनच मोबाइलवर काहीबाही घेतलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लोणारचं विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आणि शंभर मीटरहून जास्त खोल आहे. सूर्य पश्चिमेच्या काठाआड गेला की खाली सावली भरते, आणि वर मात्र आभाळ लखलखीत असतं. आभाळ बरोबर दिसावं असं केलं तर तळं काळं, तळं दिसावं असं केलं तर आभाळ पांढरं फटक. तिथे संध्याकाळचा सोनेरी उजेड धरून बसलात तर फसाल. ज्या वेळेचा शॉट आहे, त्या वेळेला आदल्या दिवशी जाऊन नुसतं उभं राहा. आवाजाचंही तेच; काठावरचा वारा माइकमध्ये असा घुसतो की संवाद पुन्हा डब करावे लागतात.

एडिट त्याने एकट्याने केलं. स्क्रीनिंगच्या दिवशी पहिलाच शॉट आला, वरून दिसणारं लोणार, भव्य, संगीत वगैरे. आणि पाणी गुलाबी! लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं जून 2020 मध्ये, क्षार मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून ते सांगितलंय. याने इंटरनेटवरून कुणाचा तरी तेव्हाचा व्हिडिओ उचलला होता. दुसऱ्या शॉटला आमचा नायक काठावरून चालतो, आणि मागचं तळं हिरवंगार. मागून कुणीतरी ओरडलं, "रंग उडाला बे!" थ्रिलरच्या पहिल्याच मिनिटाला हॉल हसत होता. मी बाजूला पाहिलं, तर हा गडी सरांना हळूच सांगत होता, "स्टोरीच जरा वीक होती."

श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (2018) आठवा. कोबीच्या शेतात ससा, मागे बंदूक घेतलेला माणूस. ससा कुणाचा कोण, कळत नाही, पण उठवत नाही. त्याचं उत्तर पार शेवटी मिळतं. मला डब्यातल्या किल्लीकडून तेवढंच हवं होतं. गुलाबी तळं पाहून कुणाला काय प्रश्न पडणार? फार तर, सहल कधी काढायची.

तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला काय कळू द्यायचं नाही, ते आधी एका ओळीत लिहा. शॉटची चित्रं काढा, काडीच्या माणसांची चालतील. बॅटऱ्या रात्री चार्ज करा, पाणी न्या, टोपी घाला; हे सगळे सांगतात, मीही सांगतो. दुसऱ्याचं फुटेज वापरू नका. टायटलमध्ये कुणाचं नाव कशासाठी येणार ते शूटिंगआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, जिवलग मित्र असला तरी. असला तर आधी त्याची घ्या. आणि मेमरी कार्ड त्याच रात्री स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आमचं सगळं फुटेज त्याच्याकडेच आहे. मागितलं की म्हणतो, हार्डडिस्क मामाकडे आहे.