उपघटक ४.३ : अंतर, उड्डाणकाळ आणि घड्याळाची वेळ

४.३.१ प्रास्ताविक

अमेरिकेतून निघालेला मुलगा आजारी आईपाशी केव्हा पोहोचेल, असा प्रश्न एखाद्या घरापुढे उभा राहतो, तेव्हा ‘प्रवास किती तासांचा?’ एवढे विचारून भागत नाही. अंतर, उड्डाणकाळ आणि घड्याळाची वेळ या तीन भिन्न गोष्टी आहेत. माहितीपर लेखनात त्यांची सरमिसळ झाल्यास वाचकाची फसगत होते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या उदाहरणाने हा भेद समजून घेऊ.

४.३.२ अंतर

या दोन शहरांच्या विमानतळांमधील किमान अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर त्यांना जोडणारी सरळ रेषा अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. परंतु पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो मुंबईहून उत्तर-वायव्येस निघून जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग न्यूयॉर्ककडे उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. त्यास बृहत्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. एखाद्या देशाचे आकाश विमानांना बंद असल्यास वळसा घ्यावा लागतो आणि प्रत्यक्ष कापावयाचे अंतर वाढते.

४.३.३ उड्डाणकाळ

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे १४ तासांत पार होईल. मात्र मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. समजा, वाऱ्याचा सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर आहे. जाताना तो समोरून येईल, तर विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ८०० होऊन सुमारे साडेपंधरा तास लागतील. परतताना पाठीशी असेल, तर वेग १,००० होऊन साडेबारा तास पुरतील. गणित ढोबळ आहे. तथापि अंतर तेच राहून काळ का बदलतो, हे त्यावरून ध्यानात येते.

४.३.४ घड्याळाची वेळ

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्याने हा फरक साडेनऊ तासांचा होतो. समजा, हिवाळ्यात मुलगा सोमवारी सकाळी ११ वाजता तेथून निघाला आणि उड्डाणास साडेचौदा तास लागले. अकरात साडेचौदा मिळवून मंगळवारी रात्री दीड हे उत्तर येते. पण ती न्यूयॉर्कची वेळ झाली. मुंबईत तेव्हा मंगळवारचे दुपारचे १२ वाजलेले असतील. त्यापुढे विमानतळावरील तपासणी, सामान आणि गावापर्यंतचा रस्ता उरतोच. म्हणून वेळ लिहिताना वार आणि ‘कोठील वेळ’ या दोन्हींचा उल्लेख अवश्य करावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान १६ तासांनी न्यूयॉर्कला उतरले. तेथे किती वाजले असतील? (उत्तर : त्याच दिवशी सकाळचे ६.३०)

२. ‘विमान उद्या बारा वाजता पोहोचेल.’ या वाक्यातील संदिग्धता दूर करून ते पुन्हा लिहा.