नागरी जलनिचरा : आवार कोणाचे, गटार कोणाचे?

दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तळघराला परवानगी वाहनतळ व साठवणीसाठी होती. वापर मात्र ग्रंथालय म्हणून होत होता. बाहेरील रस्ताही जलमय झाला होता. अशा वेळी खासगी दोष कोठे संपतो आणि सार्वजनिक दोष कोठे सुरू होतो, हे ओळखणे आवश्यक ठरते.

भेद कसा ओळखावा?

रस्ता कोरडा असूनही एकाच आवारात पाणी साचत असेल, तर चुकीचा उतार किंवा आवारातील तुंबलेली नाली हे कारण संभवते. ती दुरुस्ती मालकाने करावयाची असते. रस्ता आधी भरून पाणी अनेक घरांत शिरत असेल, तर दोष सार्वजनिक पर्जन्यजल व्यवस्थेत शोधावा लागतो. पाऊस नसताना दुर्गंधीयुक्त पाणी वर येत असेल, तर तो मलवाहिनीचा प्रश्न होय.

दायित्वाची विभागणी

दिल्लीत सर्वसाधारणपणे ६० फूट व त्याहून रुंद रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर अरुंद रस्ते महानगरपालिकेकडे आहेत. मोठे नाले प्रामुख्याने सिंचन व पूर नियंत्रण विभाग सांभाळतो आणि मलवाहिन्या दिल्ली जल बोर्ड. पाणी मात्र या सीमा मानत नाही. १९७६ च्या जलनिचरा आराखड्यावर शहराने अनेक दशके काढली.

अर्थशास्त्रीय विवेचन

१०० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे ५,००० लिटर पाणी जमा होते. मालकाने अंगणात फरशी घालून ते रस्त्यावर सोडले, तर त्याची किंमत सखल भागातील शेजारी मोजतात. हीच ऋण बाह्यता. गटारावर रॅम्प बांधणे हेही तिचेच उदाहरण. दिल्लीत १०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. ही बाह्यता उगमापाशीच रोखण्यास असे नियम उपयोगी पडतात. पर्जन्यजल वाहिन्यांच्या लाभातून मात्र कोणालाही वगळता येत नाही. त्यामुळे बाजारयंत्रणा त्या पुरवत नाही. तो खर्च शासनालाच करावा लागतो.

निष्कर्ष

विद्यार्थ्यांनी उत्तरात केवळ ‘प्रशासकीय अपयश’ असे नमूद करून थांबू नये. आवारातील नियमभंग, सार्वजनिक वाहिन्यांची अपुरी क्षमता आणि यंत्रणांमधील समन्वयाचा अभाव यांची स्वतंत्र मांडणी करावी. कारण या तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत.