काशीचे अंतर : ब्रह्माघाट आणि मराठी प्रवासाचे मोजमाप

महाराष्ट्र आणि काशी यांच्या वाङ्मयीन संबंधांचा विचार करताना या दोहोंमधील अंतर कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. वस्तुतः अभ्यासकाने प्रथम त्याचेच उत्तर शोधावयास हवे.

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि वाराणसीचा बाबतपूर विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ९८५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरल्यास हे अंतर सव्वा तासाचे ठरते. परंतु दिल्लीमार्गे गेल्यास हाच प्रवास सुमारे १,६५० किलोमीटरचा होतो आणि मधल्या थांब्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. म्हणजे विमानयुगातही सरळ रेषा हे अंतराचे अपुरेच माप होय.

हीच गोष्ट पूर्वकालीन प्रवासास अधिक लागू पडते. पैठण ते काशी हे सरळ अंतर सुमारे १,०२० किलोमीटर. कोस ३ किलोमीटरचा आणि दिवसाची मजल ८ कोसांची मानली, तर एकही मुक्काम न वाढवता ४२-४३ दिवस लागतील. नद्या, घाट आणि पावसाळा यांचा हिशेब यात नाही. एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ (इ. स. १५७१) मध्ये आणि भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये वाराणसीत पूर्ण केली. या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणात रचले गेले आणि पुढील भाग काशीत सिद्धीस गेला, असे परंपरा सांगते. तेव्हा ग्रंथाच्या दृष्टीने हे अंतर दिवसांचे नव्हे, तर अध्यायांचे आहे.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात आणखी एक माप आढळते. १८५७ मध्ये ते पेणजवळील वरसईहून निघाले, ते मथुरेच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. वाटेत बंडाची धामधूम उसळली आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात ते सापडले. वरसई ते काशी हे सरळ अंतर सुमारे १,२५० किलोमीटर. परंतु गोडसे यांचा मार्ग भूगोलाने नव्हे, इतिहासाने आखला. १८८३ मध्ये लिहिलेला हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवासापासून वाचकापर्यंतचे हे अंतर जवळजवळ अर्धशतकाचे होय.

या दोन प्रवाशांमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो ब्रह्माघाटापाशी स्पष्ट होतो. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयामुळे आणि नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारख्यांच्या पुढाकारामुळे ब्रह्माघाट, दुर्गाघाट व पंचगंगाघाट या परिसरात मराठी वस्ती दृढ झाली. वाड्यांतून मराठी बोलली जाऊ लागली, पाठशाळा चालू लागल्या, यात्रेकरूस ओळखीचे दार मिळू लागले. गंगा होती तेथेच राहिली. कोस एकानेही घटले नाहीत. तरीही परका मुलूख संपून आपली भाषा पुन्हा कानी पडते, ते ठिकाण मराठी माणसाला काशीतच लाभले.

म्हणून वाङ्मयेतिहासात काशीचे अंतर नोंदविताना सरळ रेषा, प्रत्यक्ष मार्ग आणि पोहोचल्यावर मिळणारा आसरा ही तिन्ही मापे एकत्र धरावी लागतात. पहिले माप नकाशा देतो, दुसरे प्रवासवृत्त देते. तिसऱ्यासाठी मात्र ब्रह्माघाटासारख्या वस्तीचाच अभ्यास करावा लागतो.