बाळंतिणीच्या ताटात काय नव्हतं

डिंकाच्या लाडवांविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. अळिवाचे, मेथीचे, खारीक-खोबऱ्याचे, सगळे मी आवडीने खाल्ले. तक्रार आहे ती ताटात जे वाढलंच गेलं नाही त्याबद्दल.

साताऱ्याकडे माहेरी, ऐन उन्हाळ्यात बाळंत झाले. खाटेखाली शेगडी, कानाला फडकं आणि पाणी मोजूनमापून. "पाणी ढोसलंस तर पोट सुटेल गं," हे आजीचं. पालेभाजीने बाळाला हिरवी शी होते, केळं-दह्याने सर्दी, मटकी-चवळी वातूळ. शेजारच्या काकू बाळ बघायला यायच्या आणि जाताना माझा एखादा पदार्थ बंद करून जायच्या. उरलं काय, तर मऊ भात, वरण, तूप, लाडू आणि जेवणानंतर ओवा-बाळंतशेपा.

व्हायचं तेच झालं. पोट साफ होईना, टाक्यांमुळे शौचाला जायचीच भीती बसली. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं. लोहाच्या गोळ्या होत्या. पण त्या गरोदरपणापुरत्याच, अशी घरातली समजूत, त्यामुळे पाकीट कपाटात पडून. प्रत्यक्षात सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक गोळी सांगितलेली आहे.

माझी आई दवाखान्यातल्या नर्सबाईंना म्हणाली, "अहो, एवढं तूप खातेय ही!" खरंच होतं ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब असा, की अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात आणि प्रथिनं साधारण 17 ग्रॅम जास्त. पहिली बाब लाडू-तुपात सहज भरून निघते, दुसरी नाही. त्यासाठी मुगाची उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे, दूध-दही हवं. आणि चोथा हवा: पालेभाजी, फळं, भाकरी. बाळाला हिरवी शी होईल या भीतीने पालेभाजी बंद करायची गरज नाही. लोहाच्या गोळीसोबत चहा नको, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा मात्र चालेल, त्याने लोह अंगी लागतं. पाणी तहान लागेल तेवढं, पाजायला बसताना पेला हाताशी ठेवून. दूध शरीरातल्या पाण्यातूनच तयार होतं, उन्हाळ्यात घामही जातो. तहान मारून कुणाचं पोट आत गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

दुधाचा धसका तर वेगळाच. बाळ रडलं की "दूध पुरत नाही", मग शतावरी, मग पावडरचा डबा आणण्याची घाई. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. सुरुवातीला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतंच. पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्याच्या शेवटी बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करतंय आणि दोनेक आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलंय, तर पुरतंय. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, काकूंना नको. आईला गरगरण्यासोबत रक्तस्राव वाढला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

घरच्यांशी भांडण मात्र करू नये. मी आजीला म्हटलं, लाडू तुझाच, सोबत मेथीची भाजी माझी. तिला ते पटलं. मेथी शेवटी तिच्या यादीतलीच.

खरी पंचाईत सव्वा महिन्यानंतर. माहेरचं कौतुक संपतं, सासरी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर आई उभ्याउभ्या जेवते, आणि बाळाची भूक तर वाढतच असते. मला रात्री दोनला पाजताना भयंकर भूक लागायची. उशाशी पाण्याची बाटली आणि चणे-गुळाचा डबा भरून ठेवायचं काम मी नवऱ्याला नेमून दिलं. तुम्हीही कुणाला तरी द्या, आणि पहिल्या सहा महिन्यांनंतर लगेच काढून घेऊ नका; अंगावर पाजताय तोवर ती जादा भूक खरीच असते.