गार पडलेली बोटं

"पेपर हातात आला की माझी बोटं बर्फासारखी गार पडतात," असं बारावीतली लेक सांगते आणि आपण पटकन म्हणतो, "अगं, एवढं काय घाबरायचं? शांत हो बरं." पालकहो, तिला शांत होता आलं असतं तर ती केव्हाच झाली असती. भीतीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. ती नाटक करत नाही.

बायोफीडबॅक नावाच्या पद्धतीत अशा मुलीच्या बोटाला एक चिमटा लावतात आणि समोरच्या पडद्यावर तिच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ उमटते. (चिमट्यातून शॉक बसत नाही, घरोघरच्या आजींना ही शंका हमखास येते.) श्वास आत घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना मंदावतात. मिनिटाला साधारण सहा श्वास, अशा संथ लयीत ती आली की रेघ लाटेसारखी वरखाली होऊ लागते. आपल्या धडधडीवर आपलाही थोडा ताबा चालतो, हे तिला डोळ्यांनी दिसतं. सराव मुरला की पडदा लागत नाही, परीक्षेच्या बाकावरही तो श्वास घेता येतो.

हातांच्या तापमानावरही असा ताबा चालू शकतो. 1970 साली अमेरिकेत, कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये योगी स्वामी राम यांनी आपल्या एकाच तळहाताच्या दोन भागांचं तापमान वेगवेगळं करून दाखवलं होतं. आपल्या मुलांची बोटं नुसती कोमट झाली तरी पुष्कळ.

चिंता आणि ताण यांत बायोफीडबॅक पद्धतीची मदत होते, पण जोडीला म्हणूनच. तिच्या भरवशावर डॉक्टरांची औषधं किंवा समुपदेशन परस्पर बंद करू नका. एडीएचडीसाठी, म्हणजे अवधान आणि चंचलतेच्या त्रासासाठी, मेंदूच्या लहरींवर चालणारं न्यूरोफीडबॅकचं महागडं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर थांबा. काटेकोर चाचण्यांत त्याचा गुण फारसा दिसलेला नाही.

आणखी एक कळकळीने सांगते. त्या रेघेची गुणपत्रिका करू नका. "आज स्कोअर किती आला?" असं विचारलंत की बोटं पुन्हा गार पडलीच म्हणून समजा. त्यापेक्षा लेकीच्या शेजारी बसा, तिच्यासोबत तुम्हीही श्वास घ्या.

आणि मुलाची झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं झाल्याचं ते बोलू लागलं, तर यंत्राच्या नादी न लागता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.